सहा हातांचं डोकं

आक्कांच्या घरात आजवर जी वस्तू आली, ती आक्कांनी हातात घेऊन, उलटीपालटी करून, नखाने टोकरून आणि दुकानदाराला "ते वरचं काढा हो" असं किमान चारदा म्हणून मगच आली. फ्रीज त्यांनी पंधरा वेळा दार उघडून-मिटून घेतला. कपाट आत उभं राहून घेतलं. सूनसुद्धा त्यांनीच पसंत केली होती आणि तिच्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे आक्कांची होती, पण ती करायचा हक्क फक्त त्यांचा होता.

अशा बाईला पोटच्या पोराने, पायमोजे चढवता चढवता, मान वर न करता सांगावं, "आई, प्रोसेसरमधलं तुला काही कळायचं नाही. तू त्यात पडू नकोस"?

आक्का पडल्या.

न पडून करतात काय? शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्याने सूनबाईला काम देऊ केलं होतं. काम म्हणजे कापडाच्या कापाचे नमुने कॉम्प्युटरवर काढून द्यायचे. आणि नमुने कुणाचे? आक्कांचे. तीस वर्षं आक्कांनी खाकी कागदावर कापलेले सदरे, बाह्या, गळे दाराच्या मागे खिळ्याला जुड्या करून टांगलेले होते. त्यातला एक सदरा सूनबाईने कॉम्प्युटरवर उतरवून, लहान-मोठ्या नऊ मापांत काढून शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. पसंत पडला तर वर्षभराचं काम. नाही पडला तर दुसऱ्या बाईंचा नंबर. कारखान्याच्या बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते सांगताना आवाज असा लावला होता की जणू दुसऱ्या बाई दाराबाहेर चपला काढून तयारच उभ्या आहेत.

घरातला जुना कॉम्प्युटर मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या कापाची, गोलाई काढायला घेतली की गचके खायचा. बाही जोडायला घेतली की पडदा काळा. त्यामुळे नवीन घ्यायचा, पण अख्खा तयार घ्यायचा तर परवडणार नाही, म्हणून सुटे भाग आणून जुळवायचा असं ठरलं. इतपत चिरंजीवांनी ठरवलं, आणि आठवडाभर कंपनीच्या कामाला परगावी निघाले.

"मग प्रोसेसर कोण आणणार?" आक्कांनी विचारलं.

"मी आल्यावर बघू."

"तू येणार सोमवारी. काम द्यायचंय शनिवारी."

"कारखान्याला सांग ना आठवडाभर थांबायला."

"का? कारखाना तुझा सासरा लागतो?"

त्यावर चिरंजीवांनी सुस्कारा सोडला. हा सुस्कारा त्यांच्या वडिलांचा. तो माणूस गेला, पण सुस्कारा वारशाने ठेवून गेला. "हे बघ आई, प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. आपलं बजेट बेताचं. तेव्हा फार वरचा नको, फार खालचा नको, मधला घ्यायचा."

"मधला म्हणजे कुठला?"

"तेच तुला कळायचं नाही," असं म्हणून चिरंजीव बॅग घेऊन चालते झाले. स्वतःला कळलं असतं तर नाव लिहून दिलं नसतं का? पण हे बोलायला समोर कुणी उरलं नव्हतं, म्हणून आक्कांनी ते दाराला ऐकवलं.

संध्याकाळी जावईबापू आले. आक्कांनी बोलावलं नव्हतं, पण लेकीने फोनवर ऐकलं होतं आणि लेकीच्या पोटात काही राहत नाही. जावईबापू खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला आणि म्हणाले, "आई, निळं खोकं. डोळे मिटून निळं खोकं घ्यायचं."

"त्यात काय असतं?"

"प्रोसेसरच्या कंपन्या दोनच, आई. एकीचं खोकं निळं, दुसरीचं नारिंगी. आमच्या ऑफिसात साठ मशिनं आहेत. साठच्या साठ निळी."

"आणि त्यांच्यावर तुम्ही काय करता?"

"ईमेल," जावईबापू म्हणाले, आणि चहा ढवळत राहिले.

त्यांनी निळ्या डोक्याला लागणाऱ्या मदरबोर्डचं नाव कागदावर लिहून दिलं. मदरबोर्ड म्हणजे ज्या पाटीवर हे डोकं बसवतात ती. आक्कांनी कागद घडी करून ठेवला. जावयाने लिहून दिलेला कागद टाकता येत नाही, आणि लेक महिन्यातून चारदा येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचा धाकटा भाऊ आला. हा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाला तेव्हापासून जगातल्या सगळ्या गोष्टींची गळती काढत फिरतो. जावईबापूंचा कागद बघून तो हसला. कसा हसला, ते त्याच्या बहिणीलाच विचारा.

"निळं? आक्का, ते नावाचे पैसे घेतात. नारिंगी घे. आणि कोअर किती ते बघ. माझ्या ओळखीच्या दुकानात बारा कोअरवाला आहे, जरा जुन्या पिढीतला, म्हणून मधल्याच्या भावात."

"कोअर म्हणजे काय रे?"

"हात समज. बारा हातांनी काम करणारा. लोक सहावाला घेतात. सहात काय होतंय? भिकेचं लक्षण!"

"जावईबापू तर म्हणाले..."

"मग घे जावयाचंच!" धाकटा ताडकन उठला. "मी कोण? मी सख्खा भाऊ. माझं कशाला ऐकशील?"

या दोघांचं मागच्या वर्षी पंख्याच्या रेग्युलेटरवरून वाजलं होतं आणि तेव्हापासून ते एकमेकांशी पंख्याकडे बघून बोलत. आता आक्कांनी करावं काय? निळं घेतलं तर भाऊ तुटतो. नारिंगी घेतलं तर जावई रुसतो. पण आक्कांनी चार घरची भांडणं मिटवली होती, वरपक्ष-वधूपक्ष एका ओळीत जेवायला बसवले होते. त्यांनी इथेही तोच तोडगा काढला. कॉम्प्युटरला भाग का एकच असतो? बोर्ड जावयाच्या म्हणण्याप्रमाणे, प्रोसेसर भावाच्या म्हणण्याप्रमाणे. दोघांचा मान राहिला, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको!

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आई, पण ते दोन एकमेकांना..."

"तू तुझी गोलाई बघ. माणसं सांभाळायचं माझ्यावर सोड."

मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क का मागे राहतील? ते जिन्यात थांबून म्हणाले, "आक्का, पेटी मात्र काचेची घ्या. आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे. कारभार पारदर्शक हवा." हयातभर टेबलाचे सगळे खण कुलपात ठेवणारा हा माणूस! पण त्यांच्याकडे पाण्याच्या टाकीची किल्ली असते. पेटी काचेची आली.

बुधवारी सगळे भाग टेबलावर मांडून आक्कांनी कॉम्प्युटर रिपेरिंगवाल्यांना बोलावलं. ते यायच्या आत त्यांनी प्रोसेसरचं खोकं शिवण उसवायच्या ब्लेडने उघडूनही पाहिलं, कारण न बघता पैसे टाकायची त्यांच्या घराण्यात पद्धत नाही. आत बिस्किटाएवढी चकती. एवढ्याशा चकतीसाठी एवढं मोठं खोकं! आत आणखी काही आहे का म्हणून त्यांनी खोकं झटकून बघितलं.

रिपेरिंगवाल्यांनी बोर्ड पाहिला. प्रोसेसर पाहिला. पुन्हा बोर्ड पाहिला. मग चष्मा काढून पुसला.

"बाई, हे कुणी सांगितलं?"

"का? काय झालं?"

"हे दोन वेगळ्या कंपन्यांचं आहे. या प्रोसेसरला खाली पिना आहेत. या बोर्डालाही पिनाच आहेत. भोकं कुणाकडेच नाहीत."

आक्कांनी चकती बोर्डावर धरून पाहिली. "थोडं घासून बसेल का?"

"नाही."

"नुसतं टेकवून?"

"बाई, हे झाकण नाही."

"मधे काहीतरी जोडणी मिळत असेल," हेडक्लार्क दारातून म्हणाले. ते तिथे कधी आले, कुणाला ठाऊक नाही.

रिपेरिंगवाल्यांनी हत्यारं पिशवीत भरली. "आणि ह्याच्यात चित्र दाखवायची सोयही नाही. त्याला वेगळं कार्ड लागेल. म्हणून तर स्वस्त दिला." ते गेले आणि जाताना जिन्यात कुणाला तरी फोनवर सांगून हसले. जिन्यात आवाज घुमतो. आक्कांना शब्दन् शब्द ऐकू आला.

सूनबाई काही बोलली नाही. हे तिचं सगळ्यात वाईट. भांडणारी सून असती तर आक्कांनी दोन शब्दांत गार केली असती. ही नुसती कॅलेंडरकडे बघत होती. बुधवार गेलाच होता.

"उद्या दोन्ही परत करायचं," आक्का म्हणाल्या. "एकच परत केलं तर एकाचाच अपमान. दोन्ही केलं की कुणाचाच नाही."

बोर्ड घरपोच मागवला होता, तो गुरुवारी सकाळी माणूस येऊन निमूट घेऊन गेला. प्रोसेसरसाठी मात्र सासू-सून दोघी दुकानात गेल्या. तिथल्या परतीच्या खिडकीवरच्या बाईंनी खोक्याकडे पाहिलं.

"उघडलेलं आहे."

"बघायला नको?"

"उघडलेला माल परत होत नाही. बदलून मिळेल, पण फॉर्म भरावा लागेल. कारण लिहा. माल खराब, की चुकीचा माल?"

आक्का चौथीपर्यंत शिकल्या होत्या, पण त्या चार इयत्तांत खोटं लिहायला शिकल्या नव्हत्या. "माल चांगला आहे. सल्ला खराब होता."

"सल्ल्याचा रकाना नाही."

"मग करा! सगळ्यात जास्त खराबी तिथेच निघते."

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म सूनबाईच्या हातात दिला. आक्कांनी तो तिच्या हातातून काढून घेतला, पेन मागितलं, आणि 'इतर' पुढे एकेक अक्षर कोरत लिहिलं: भाऊ. मग विचार करून खाली लिहिलं: व जावई. अर्धवट माहिती त्या कुठेच देत नाहीत. मागे रांग बरीच वाढली होती, पण रांगेने आजवर आक्कांचं काय वाकडं केलं आहे?

प्रोसेसरच्या काउंटरवरच्या विक्रेत्याने सूनबाईकडे बघून विचारलं, "गेम खेळायला हवाय का?"

"मला हवाय," आक्का म्हणाल्या. "माझ्या वयाला शोभेल ते विचारा."

आणि त्यांनी पिशवीतून खाकी कागदाची बाही काढून काचेवर पसरली. "हे काढायचंय. हा मुंढा, ही बाहीची गोलाई. दोन्ही एकमेकांत बसली पाहिजेत. नऊ मापांत. आता बोला."

विक्रेत्याने बाहीकडे पाहिलं, मग सूनबाईला तिच्या प्रोग्रामचं नाव विचारलं. दोघांचं काही बोलणं झालं. मग तो म्हणाला, "बाई, हा प्रोग्राम एका वेळी बहुतेक एकाच कोअरवर चालतो. बारा असून उपयोग नाही."

"म्हणजे एक जण काम करणार आणि अकरा जण बसून चहा पिणार?"

"साधारण तसंच."

आक्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात धाकटा भाऊ स्पष्ट दिसला. तीस वर्षं त्यांनी शिवणाच्या खोलीत माणसं हाताळली होती. एका सदऱ्याला बारा जणी लावल्या तर सदरा लवकर होत नाही, गप्पा लवकर होतात. मुंढा एकाच हाताने कापायचा असतो. तो हात चपळ पाहिजे. एवढी साधी गोष्ट कोअर, पिढी असली नावं देऊन आठवडाभर त्यांच्यापासून लपवून ठेवली होती आणि वर त्यांनाच कळायचं नाही म्हणे!

"चपळ हाताचा कुठला?"

"हा सहावाला. नारिंगीच, पण नवीन पिढीचा. एकेक हात वेगवान आहे, आणि चित्राची सोय आतच आहे, वेगळं कार्ड नको."

"आणि तो शेजारचा?"

"आठवाला. तोही चांगला."

"दोन हात वाढले तर मुंढा लवकर निघेल?"

"तुमच्या कामात... नाही."

"मग ते दोन तुमच्याकडेच ठेवा. सहावाला द्या. आणि त्याच्यावर बसणारा बोर्ड द्या, इथे, माझ्यासमोर टेकवून दाखवा."

विक्रेत्याने टेकवून दाखवला. टक्कन बसला. सूनबाई हसली. ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली, पण आक्कांनी बघितलं नाही असं दाखवलं. लाडावतात.

शुक्रवारी कॉम्प्युटर जुळला. काय पळत होता! मुंढ्याची गोलाई सूनबाई म्हणेल तशी वळत होती. पाच मापं दुपारपर्यंत झाली. इतक्यात लेकीचा फोन. उद्या चारला जावईबापू येणार, 'आपला' बोर्ड बघायला. दहा मिनिटांनी भावाचा. उद्या तोही येणार, 'आपला' प्रोसेसर बघायला.

आक्कांनी पेटीकडे पाहिलं. काच! आरपार! आत दिवे लागलेले, सगळं उघडं. निळं नाही म्हणून जावई रुसणार, बारा हात नाहीत म्हणून भाऊ तुटणार, आणि मधे आक्का. त्या हेडक्लार्कसाठी त्यांनी मनातल्या मनात जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग त्यांनी टेप काढला, पेटीचं माप घेतलं, आणि मशीनवर बसल्या. जाड कापड, आत अस्तर, मधे कापसाचा थर, बाजूला बटणं. असं कव्हर शिवलं की कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. धुळीचा कणही आत जाणार नाही. हवेचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

शनिवारी चारला दोघे एकदमच आले आणि पंख्याकडे बघत बसले. कॉम्प्युटर कव्हर घालून, बटणं लावून, नव्या नवरीसारखा कोपऱ्यात. सूनबाई शेवटच्या दोन मापांवर होती.

"झाकून का ठेवलंय?" जावईबापूंनी विचारलं.

"नजर लागते," आक्का म्हणाल्या.

पावणेपाचला आतून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला. पाचला तो इतका वाढला की धाकट्याने पंख्याचं बटण तपासलं. पाच वाजून पाच मिनिटांनी पडदा काळा झाला.

सूनबाईने पुन्हा चालू केला. आठवं माप अर्धं गेलं होतं. "आई," ती हळूच म्हणाली, "कव्हर."

आक्कांनी डोळ्यांनी 'नाही' म्हटलं.

"आई, आत गरम होतंय."

"चहा घ्या जावईबापू," आक्का मोठ्याने म्हणाल्या.

साडेपाच. आठवं माप पुन्हा निघालं, नववं सुरू झालं, आणि घोंघावणंही सुरू झालं. सूनबाईचा हात माऊस पुढे नेत होता आणि पडद्यावर काही हलत नव्हतं. आक्कांनी पाहिलं, पडद्यावर त्यांचीच बाही होती. अर्धी. गोलाईच्या मधेच थांबलेली. तीस वर्षांत एकही बाही त्यांनी अर्धी टाकली नव्हती. सूनबाईने खालचा ओठ दाताखाली धरला.

आक्का उठल्या. बटणं काढत बसायला वेळ नव्हता, आणि लावलीही त्यांनीच होती, म्हणजे सुटणार थोडीच! त्यांनी कव्हराची कड धरली आणि असा हिसका दिला की दोन बटणं जावईबापूंच्या बशीत पडली. आतून भट्टीसारखी वाफ आली. सूनबाईने काचेचं दारही काढून टाकलं. घोंघावणं उतरलं, आणि बाही सरसर पुढे सरकली.

"बघा," आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "काय बघायचं ते बघून घ्या एकदाचं."

दोघे वाकले. पेटीत डोकं घातलं. प्रोसेसर होता आतल्या छोट्या पंख्याखाली. पंख्यावर कसलंही नाव नव्हतं, नुसता एक निळा दिवा गरगरत होता.

"निळाच!" जावईबापू म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी? बोर्ड बघा कसा भारदस्त आहे."

"बोर्डाने काय होतंय?" धाकटा म्हणाला. "वेग बघा. बारा हात असल्याशिवाय असा पळतो का?"

आक्का बघतच राहिल्या. यांना ओळखूही आलं नाही! यांच्यासाठी कव्हर, यांच्यासाठी अस्तर, यांच्यासाठी नऊ मापांतली दोन मापं जाता जाता राहिली! गप्प बसल्या असत्या तर सगळं सुखात मिटलं असतं. दोघंही खूश, घर शांत. पण तोंड मिटून दुसऱ्याला श्रेय देण्यापेक्षा आक्का जिना झाडतील.

"तुमच्या दोघांचं यात काहीही नाही," त्या म्हणाल्या. "निळं नाही आणि बाराही नाहीत. सहा आहेत. चपळ सहा. मी निवडले. तुमचं दोन्ही मी परत केलं, आणि कारण म्हणून तुमचीच नावं लिहून आले."

दोघे ताठ झाले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी पंख्याकडे न बघता एकमेकांकडे पाहिलं.

"आमची नावं?" दोघे एकदमच म्हणाले.

"गेलं!" सूनबाई ओरडली. सहाला सात मिनिटं कमी होती. नऊच्या नऊ मापं कारखान्याला गेली होती.

जावईबापू बुटात पाय घालू लागले, धाकटा छत्री शोधू लागला, पण दारातून कुणी हललं नाही. एकमेकांना आधी जाऊ द्यायला कुणीच तयार नव्हतं. तेवढ्यात सूनबाईचा फोन वाजला. कारखान्याच्या बाईंचा निरोप आला होता. तिने तो वाचला आणि आक्कांच्या गळ्यातच पडली.

"आई, काम मिळालं!"

"वाच. काय लिहिलंय ते अक्षर न गाळता वाच."

"'पाहिलं. चालेल. सोमवारपासून सुरू करा.'"

आक्कांनी सुनेचे हात गळ्यातून सोडवले, पदर नीट केला, आणि खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.

"चालेल?" त्या म्हणाल्या. "तीस वर्षांचा मुंढा आणि नुसतं चालेल? लाव त्या बाईला फोन."